यादगिरीच्या हातचं ग्रीस

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवापुढं तर मुद्दाम बोललो नाही — तिथं पुटपुटून मोकळे होणारे लोक मला आवडत नाहीत. तुम्हाला सांगतोय. मध्ये बोलू नका. आणि वाचून झाल्यावर 'जाऊ द्या हो, माणूस आहे, चुकतो' असंही म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

शिक्षण चौथी. इथं तेलुगू मुलखातच, नारायणगुड्याला मराठी शाळेत गेलो तेवढंच, मग बापानं वर्कशॉपात टाकलं. अक्षर मोठं आणि वाकडं येतं. तरी लिहितोय मीच. कुणाला सांगून लिहून घेण्यासारखं हे नाही.

मी फिटर. उप्पलच्या बाजूला बिस्किटाचा कारखाना होता, तिथं जन्म काढला. नाव सांगत नाही, कारखान्याचा काही गुन्हा नव्हता. तिथं सगळे मला उस्ताद म्हणायचे. अजून म्हणतात. अंबरपेठेत भाजी आणायला निघालो तरी कुणीतरी जुना ओळखीचा हात वर करतो — सलाम उस्ताद. मी मान हलवतो. आणि आतून काय वाटतं सांगू? त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याचा काय दोष? काही नाही. पण दुसरं कुणी समोर नसतं ना त्या वेळी.

आता तुम्हाला तो पंखा सांगितला पाहिजे.

भट्टीवर एक मोठा पंखा होता. गरम हवा भट्टीभर खेळवायचा. तो फिरला तर बिस्किट सारखं भाजतं. थांबला की एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कच्चं पीठ. त्या पंख्याच्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, दोन्हीकडं बेअरिंग होतं, आत पोलादी गोळ्या असलेलं कडं, आणि ती बेअरिंगं टिकायची नाहीत. काही महिने गेले की आधी बारीक करकर, मग मोठी, मग एक दिवस धूर आणि पंखा जाम. भट्टी बंद, सगळी लाइन बंद, बायका-माणसं हात पुसत बाहेर झाडाखाली.

मग मला बोलावणं यायचं. सुट्टी असली तर सेठची मोटार दारात यायची. सेठ म्हणजे आमचे मालक. गल्ली बघायची. मी मुद्दाम हळू चपला घालायचो — घालायचो, खोटं कशाला बोलू? कारखान्यात शिरलो की लोक बाजूला व्हायचे. मी सगळ्यांना लांब करायचो. बेअरिंग बसवताना उस्तादाजवळ कुणी उभं राहायचं नाही, ही आमची रीत. माझे उस्ताद खाजामियाँ, त्यांनीही मला फार वर्षं लांब ठेवलं होतं. मग एके दिवशी स्वतःचा हातोडा माझ्या हातात दिला आणि कसं ठोकायचं ते दाखवलं. पितळेचा तुकडा मध्ये धरायचा, हातोडा फिरवत फिरवत मारायचा, बेअरिंग शाफ्टवर चढवायचं. हात माझा चांगला होता. संध्याकाळच्या आत पंखा चालू. सेठ स्वतः चहाचा पेला पुढं करायचे.

मशीन बंद पडली की मी मोठा व्हायचो. हे वाक्य परत वाचा. ज्याचं काम मशीन चालू ठेवायचं, तो माणूस मशीन बंद पडली की मोठा व्हायचा. आणि कुणाला, एकालाही, ह्यात काही वाकडं दिसलं नाही. वरून माझ्या गोष्टी सांगायचे — उस्ताद पेचकसाचं टोक मशीनला लावतात, मूठ कानाला, आणि सांगतात कुठलं बेअरिंग जाणार. गोष्ट खरी आहे. मला ऐकू यायचं. अरे, पण ते परत परत का जातंय हे एकानं तरी विचारायचं!

विचारलं. एका बाईनं विचारलं. पण आधी यादगिरी.

यादगिरी आमचा ऑइलमन. नलगोंड्याकडचा. तेल-ग्रीस घालायचं, एवढंच त्याचं काम. खांद्यावर चिंधी, हातात ग्रीसगन, रोज सगळ्या मशीनींवरून देवाला प्रदक्षिणा घालावी तसा फिरायचा. ग्रीस बोटावर घेऊन चोळून बघायचा, खडा लागला तर डबाच परत पाठवायचा, आणि स्टोअरवाला त्याला तेलुगूत शिव्या द्यायचा. बडबड्या होता. मशीनशी बोलायचा, 'खा अम्मा, खा,' म्हणून. आम्ही हसायचो. माझ्यापेक्षा लहान, मला देव मानायचा. माझ्या घरी लग्नकार्यात पाणी वाढायला यायचा. एवढं पुरे. जास्त सांगितलं तर मी त्याच्यावर माया करत होतो असं तुम्हाला वाटेल.

मग तो बाजार खुला झाल्याचा काळ आला. आबिड्सच्या दुकानांत चकचकीत कागदातली बिस्किटं दिसायला लागली. आमचं साध्या पुड्यातलं बिस्किट खेड्यापाड्यांत खपायचं, तेही बसायला लागलं. सेठनं धावपळ करून एका मोठ्या कंपनीचं काम आणलं — बिस्किट त्यांचं, भट्टी आमची. त्यांची अट एकच: भट्टी मध्येच थांबता कामा नये. थांबली की काम दुसऱ्याकडं. आधी पंखा जाम झाला तर दिवस वाया जायचा, माणसं विड्या ओढत बसायची. आता पंखा जाम झाला तर कारखान्यालाच कुलूप.

म्हणून सेठनं पुण्याची इंजिनियर आणली. लिमये मॅडम. माझ्या पोरीच्या वयाची. मराठी माझी-तिची एकच म्हणायची, पण ती बोलली की पुस्तक उघडल्यासारखं, आणि मी बोललो की ती जरा थांबायची, माझं दखनी हौ-नक्को कळून घ्यायला. सगळे मला उस्ताद म्हणत. तिनं पहिल्या दिवशी काका म्हटलं. तिनं मान देऊनच म्हटलं. मला मात्र टोचलं.

ती म्हणायची, मशीन बिघडल्यावर धावणं हे काम नाही, ती बिघडूच नये हे काम आहे. आता सांगा, हे ऐकून मला काय वाटलं असेल? माझं सगळं मोठेपण त्या धावण्यात होतं. एकदा तिनं आम्हाला बसवून बेअरिंगबद्दल सांगितलं. ठोकून बसवू नये. हातोड्याचा मार आतल्या गोळ्यांतून जातो, गोळ्या खालच्या वाटेत खळगे पाडतात, आणि मग बेअरिंग पहिल्या दिवसापासून मरायला लागतं. तेलात तापवायचं, ते फुगतं, हातानं सरकवायचं, थंड झालं की आपोआप घट्ट बसतं. मी कँटीनमध्ये म्हणालो, पुण्याची बाई आता बेअरिंगची भजी तळणार, चटणी कुणीतरी आणा. सगळे हसले. यादगिरी सगळ्यात मोठ्यानं हसला. उस्तादचा विनोद होता ना.

पण मी हसलो नव्हतो. आतून थंड पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्याजवळ आल्या. एकट्या आल्या, चारचौघांत नाही — एवढी समज होती तिला. म्हणाल्या,

"काका, पंख्याची बेअरिंगं तुम्ही बसवता ती ठोकून की तापवून?"

हीच ती जागा. इथवर यायला मला इतकी पानं का लागली? कारण इथं मी —

"तापवून," मी म्हणालो. "ठोकायला मी काय लोहार आहे?"

ठोकल्याचा आवाज येतो तो जुनं बेअरिंग काढतानाचा, हेही मीच वर सांगितलं. तिनं विचारलं, पुढच्या वेळी मी बघायला उभी राहू का? मी म्हणालो, बाईमाणूस शेजारी असलं की माझा हात चालत नाही. तिचं तोंड उतरलं. परत विचारलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण मी वयानं मोठा, कामानं मोठा, आणि परमुलखात मराठी बोलणारा. जाता जाता स्वतःशीच म्हणाली, म्हणजे मग ग्रीस.

दोनच कारणं होती तिच्यापुढं. बसवणं चुकीचं, नाहीतर ग्रीस अपुरं. पहिलं मी पुसून टाकलं. दुसऱ्यापाशी कोण उभा होता ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, तोपर्यंत तुम्हाला तरी कुठं खात्री होती? उस्तादानं शिकवलं तेच केलं. थांबा. ही पळवाट मीही शोधली होती, आणि ती मीच बंद केली. भंगारात माझंच एक जुनं बेअरिंग पडलं होतं, जाम व्हायच्या आधी काढलेलं. बाकीची जळून काळी-निळी झालेली, त्यांच्यात काय बघणार. हे मी शिकंज्यात धरून फोडलं. आतली वाट रॉकेलनं पुसली, उन्हात धरली. खळगे होते. एकापाठोपाठ एक, गोळ्या जितक्या अंतरावर तितक्याच अंतरावर, मोत्यांची माळ दाबून काढावी तसे. ग्रीस? ग्रीस होतं. स्वच्छ, भरपूर. यादगिरीच्या हातचं.

ते दोन तुकडे मी पिशवीत घातले, सायकलवर टांगले. अंबरपेठेत घराकडं न वळता तसाच मागं मुसी नदीवर गेलो आणि पाण्यात फेकले. भर दुपारी. म्हशी होत्या पाण्यात, त्यांनी माना वर केल्या. दुसरं कुणी बघितलं नाही.

म्हणजे मला माहीत होतं. आता ह्याच्या पुढचं सगळं माहीत असून केलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

दसरा आला. आमच्याकडं आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असायची. मशीनींना झेंडू, भट्टीला कुंकू, फाटकावर कोहळा फोडायचा. पाटावर सगळ्यात आधी माझा हातोडा मांडायचे, खाजामियाँचा. त्यांचं हत्यार हिंदूंच्या पाटावर बसतं म्हणून ते जिवंत असताना खूश व्हायचे. मग पाने, पक्कड, आणि शेवटी यादगिरीची ग्रीसगन. तोपर्यंत कारखान्यात कुजबुज झाली होती की पंखा ग्रीसमुळं जातो. यादगिरी आला, अंघोळ करून, गन घासूनपुसून लखलखीत केलेली. पाटावर ठेवली. मी ती उचलली आणि खाली फरशीवर ठेवली. सगळ्यांनी बघितलं. यादगिरीनंही बघितलं. आणि ज्या हातोड्यानं ती सगळी बेअरिंगं मारली, त्याला सेठनं हार घातला.

सांगा, ह्याला काय नाव देणार? घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरलेला माणूस गप्प बसतो. ती गन उचलायला मला कुणी सांगितलं होतं?

दिवाळीनंतर पंखा गेला. कंपनीचे लोक माल बघायला आले होते, त्यांच्यासमोर धूर. सेठचं तोंड पांढरं पडलं. काम जाता जाता राहिलं, फक्त जबाबदार माणूस काढून टाकला असं त्यांना कळवायचं होतं. जबाबदार माणूस. यादगिरीला ऑफिसात बोलावलं. तो आधी धावत माझ्याकडं आला, वर्कशॉपच्या दारात. लेकरं लहान होती त्याची.

"उस्ताद, आप बोलो ना सेठकू. मैं रोज ग्रीस मारतूं. आप देखते ना मेरेकू."

मी हातातलं काम सोडलं नाही. त्याच्याकडं बघितलंही नाही. म्हणालो,

"एखाद दिन भूल गया होंगा रे, यादगिरी. याद कर."

तो उभा राहिला. मला वाटलं आता चिडेल, ओरडेल, माझी गचांडी धरेल. धरायला पाहिजे होती. पण तो खरंच आठवायला लागला. तोंडावर दिसत होतं, एकेक दिवस उलटून बघतोय. आणि मग हळूच म्हणाला, होंगा उस्ताद. आप बोलते तो होंगा.

त्याला काढला त्याच दिवशी. नोकरी तर मी घेतलीच. पण नोकऱ्या जातात, दुसऱ्या मिळतात. मी त्याच्याकडून त्याचा हात घेतला. स्वतःच्या हातावरचा भरवसा. तो त्याला परत कुठं मिळणार होता? कुठल्या दुकानात?

आता सगळ्यात घाण भाग. इथं मला बसून परत उठावं लागलं.

यादगिरी गेल्यावर मला भीती बसली. आता पंखा गेला तर? आता दोष घालायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून एका रविवारी, कारखाना बंद असताना, मी पत्र्याच्या डब्यात तेल घेतलं, शेगडीवर ठेवलं, बेअरिंग त्यात सोडलं. भजी. तापलं तसं सांडशीनं उचललं, फडक्यात धरलं, शाफ्टवर नेलं. साबण लावलेल्या हातात बांगडी जावी तसं गेलं. काही आवाज नाही, काही जोर नाही. जाऊन जागेवर बसलं, आणि निवता निवता घट्ट झालं. मला आनंद झाला असेल? मला राग आला. एवढं सोपं होतं. एवढ्यासाठी मी — त्या शेगडीला लाथ घातली मी. तेल सांडलं, पायाला चटका बसला. डाग आहे अजून.

पंखा पुढं वर्षानुवर्षं चालला. मधून बेअरिंग बदललं ते वेळ आली म्हणून, आणि दर वेळी मी गुपचूप तापवूनच बसवलं. करकर नाही, धूर नाही. भट्टी थांबली नाही, कारखाना तरला, कामं वाढली. आणि लोक काय म्हणाले? बघा, यादगिरी गेला आणि पंखा सुधारला. तोच होता. ग्रीसच मारत नव्हता लेकाचा.

कळलं का काय झालं ते? मी चुकीचं करत होतो तोवर निदान शंका तरी होती. मी बरोबर करायला लागलो आणि त्याच्यावरचा आळ पक्का झाला. माझं प्रत्येक चांगलं बसवलेलं बेअरिंग त्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं. त्या एका कामात मी कधी नव्हतो इतका चांगला फिटर झालो. आणि थांबूही शकत नव्हतो, थांबलो असतो तर पंखा गेला असता.

मॅडम नवीन पोरांना शिकवताना तेच उदाहरण द्यायच्या. नाव घ्यायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, आपल्याकडं एक ऑइलमन होता. पोरं माना डोलवायची. मी मागं उभा असायचो, हात बांधून. पुढं त्या पुण्याला परत गेल्या. आणखी कुठं कुठं शिकवलं असेल तिनं ते. ती हुशार होती, तिचा हिशेब बरोबर होता. त्यात माझा शब्द तेवढा खोटा होता. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ, मशीनींची उत्तम देखभाल केली म्हणून. घड्याळ घरात लावलंय. बायको रोज पुसते. मी त्याच्याकडं पाठ करून जेवायला बसतो, ती म्हणते उजेड डोळ्यावर येतो वाटतं.

यादगिरी पुढं अंबरपेठेतच एका लग्नाच्या हॉलवर वॉचमन लागला. फाटक उघडायचं, फाटक लावायचं. ते फाटक असं किंचाळायचं की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. सगळे त्याला म्हणायचे, बाबा, तेल सोड बिजागरीत. तो म्हणायचा, मिस्त्री येईल, तो सोडेल. आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं त्या माणसानं, आणि फाटकाला तेल घालायला मिस्त्रीची वाट बघत होता.

आता म्हातारा झालाय, घरीच असतो. दोन गल्ल्या सोडून. माझं जाणं-येणं आहे; का आहे ते मला विचारू नका. त्याची बायको लक्ष्मम्मा ब्लाउज शिवते. पायानं चालवायचं जुनं मशीन आहे तिचं. हसत हसत मला सांगते, हा माणूस देवाच्या दिव्यातसुद्धा तेल घालत नाही, मलाच उठावं लागतं. यादगिरी कसनुसा हसतो. माझ्या हाताला विसरायची खोड आहे, म्हणतो, सेठचा कारखाना बुडता बुडता राहिला माझ्यामुळं. नातवंडांनाही सांगतो. काम करताना ध्यान ठेवा, आजोबासारखं करू नका. मी तिथंच बसलेला असतो.

हे मी मराठीत का लिहिलं? यादगिरीला तेलुगू वाचता येतं, मराठी येत नाही. त्याच्या घरात कुणालाच येत नाही. माझ्या नातवंडांनाही धड येत नाही, इंग्रजी शाळेतली आहेत. म्हणून मराठीत लिहिलं. दुसरं कारण शोधू नका. तेलुगू मला चांगलं बोलता येतं. त्याच्या ओट्यावर बसून, चहा निवायच्या आत सांगून झालं असतं.

मागच्या आठवड्यात गेलो होतो. शिलाई मशीन जड चालत होतं. लक्ष्मम्मानं ते पुढं ओढलं. यादगिरी आत जाऊन तेलाची कुप्पी घेऊन आला आणि देवळात तीर्थ देतात तशी, दोन्ही हातांनी, माझ्यापुढं धरली.

"आप डालो उस्ताद. मेरे हाथ का भरोसा नहीं."

मी घेतली. एकेक छिद्र बघून तेल घातलं. थोडं बाहेर सांडलं, ते त्यानंच आपल्या खांद्यावरच्या चिंधीनं पुसलं. पायपट्टी दाबून बघितली. मशीन हलकं चाललं. चहा प्यालो आणि घरी आलो.